मागचा डावा

खाणीत धोंडा हलवायचा तर सहा माणसं, दोन दांडे, चार दोर आणि एक हाक लागते. हाक म्हणजे बाई. ती धोंड्याच्या पुढे सहाजणांकडे तोंड करून उभी राहते आणि उलट्या पावलांनी चालते. तिच्या हातात काही नसतं, खांद्यावर काही नसतं. नव्या माणसाला वाटतं, ही बाई फुकटची गाते. दोन दिवस दांड्याखाली गेला की त्याचं त्यालाच कळतं.

ह्या खाणीत बावीस वर्षं एकच बाई हाक देत होती. तिला सगळे हाकवालीच म्हणत, घरचेसुद्धा. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळी, पण तिचा आवाज खाणीच्या तळातून निघाला की वर रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला ऐकू जाई. त्या वर्षी लागोपाठ दुसऱ्यांदा शेतं कोरडी राहिली होती आणि गावातला धडधाकट माणूस झाडून सगळा खाणीवर आला होता. कामाला माणसं जास्त आणि काम तेवढंच. कोणी पाठ धरून बसला की त्याची जागा घ्यायला दहाजण काठावर उभेच.

सकाळी पहिला धोंडा निघायचा. पहारीने तो तळातून सुटा केलेला असे, खालून दोर सरकवलेले, दोन्ही बाजूंना दांडे अडकवलेले. एकेका दांड्याखाली तिघे. खांद्यावर गोणपाटाची घडी, गुडघे वाकलेले. हाकवाली कंबरेला पदर खोचून पुढे यायची.

"धोंडा मोठा, माणूस छोटा!"

"हो रे हो!"

"मुकादमाच्या पोटात गोटा!"

"हो रे हो!"

मुकादम बाजूला उभा असे आणि पोटावर हात फिरवत हसे. हाकेत त्याला काहीही म्हणायची मुभा होती. त्याचं टक्कल, त्याची बायको, त्याची उधारीची मोटरसायकल, सगळं हाकेत येऊन गेलं होतं. खुद्द मालकालाही तिने एकदा चाळणीत घालून चाळला होता आणि मालक आपल्या खोलीच्या खिडकीत उभा राहून ऐकत होता. हाकेतलं हाकेत.

हसून माणसं सैल झाली की हाकवालीचा सूर बदलायचा. आता ती एकेकाचे पाय बघायची.

"पुढचा डावा?"

"आहे!"

"पुढचा उजवा?"

"आहे!"

"मधला डावा?"

असं करत सहाही जागा विचारून व्हायच्या. सगळ्यात शेवटी मागचा डावा, कारण ती जागा सगळ्यात वाईट. तळातून वर ट्रककडे नेणाऱ्या फळ्यांच्या चढणीवर त्याच्या बाजूला नुसता उतार, आणि धोंडा कलला तर त्याच्याच अंगावर यायचा. तिथे तिचा मुलगा होता. त्याचा 'आहे' आला, त्याची टाच फळीला टेकलेली तिने डोळ्यांनी पाहिली, की मगच ती म्हणायची, "तर मग उचला!"

एखाद्याचं उत्तर आलं नाही तर धोंडा जागचा हलत नसे. मुकादम बोंबलला तरी नाही, ट्रक उभा राहिला तरी नाही.

ही रीत आभाळातून पडली नव्हती. तिच्या नवऱ्याच्या पायातून आली होती. तिचं लग्न झालं तेव्हा हाक तिची सासू देत असे आणि तेव्हा नुसतं गाणं होतं, विचारणं नव्हतं. एक दिवस मुकादमाने घाई केली, सासूने 'उचला' म्हटलं, आणि मागच्या डाव्या जागेवर तिचा स्वतःचा मुलगा अजून दोराची गाठ ओढत होता. त्याच्या डाव्या पायाचा पंजा धोंड्याखाली गेला. त्यानंतर म्हातारी जगली तितकी वर्षं सहाही जागा विचारल्याशिवाय तिने एक खडासुद्धा उचलू दिला नाही. नवरा घरी बसून दोर वळायला लागला. गाव त्याला दोरवाला म्हणू लागलं.

मालकाची अडचण वेगळी होती. पलीकडच्या टेकडीवर दुसऱ्या कुणाची खाण होती, तिथे यंत्रं आली होती आणि त्यांचा दगड स्वस्त पडत होता. मग शहरातून एक गाडी आली. तिच्यातून कॅमेरे उतरले, छत्र्या उतरल्या, आणि जाड चष्म्याची एक हसरी बाई उतरली. यंत्राने काढलेला दगड आणि हाताने, गाणं म्हणत काढलेला दगड, यांत घर बांधणाऱ्याने काय घ्यावं, हे ती बाई टीव्हीवरच्या जाहिरातीतून सांगणार होती.

चष्मेवाली वाईट नव्हती. ती हाकवालीच्या घरी आली, जमिनीवर मांडी घालून बसली, तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "मावशी, असा आवाज मी आजवर ऐकला नाही." बावीस वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. हाकवालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सून दाराआडून बघत होती, मुलगा उगाच खोकत होता, आणि दोरवाला कोपऱ्यात बसून दोर वळत होता.

"फक्त दोन शब्द बदलू," चष्मेवाली म्हणाली. "मुकादमांचं पोट नको. मालक मोठा असं म्हणा. यमकही जुळतंय बघा."

"जुळतंय की," हाकवाली म्हणाली.

"आणि ते मधे तुम्ही विचारता ना, पुढचा डावा, मागचा उजवा... ते जरा लांबतं. आपल्याकडे अर्धं मिनिट असतं सगळं मिळून. त्याला काही विशेष अर्थ आहे का?"

कॅमेरा चालू होता. हाकवालीने पदर सारखा केला. एवढ्या शिकल्यासवरल्या बाईपुढे आपल्या घरातलं लंगडेपण काय मांडायचं, असं तिला वाटलं. ती लाजून हसली.

"अर्थ कसला बाई. सवय आपली."

कोपऱ्यातला दोर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

गाडी गेल्यावर दोरवाला म्हणाला, "अर्थ नाही म्हणालीस."

"अहो, शहरातली बाई ती. तिला काय एवढं..."

"माझा पाय दाखवायचा होतास."

तो मुळातच कमी बोलायचा. त्या दिवसापासून तिच्याशी त्याहून कमी बोलू लागला.

महिन्याभरात हाक टीव्हीवर आली. मालकाने हाकवालीच्या घरी मोठा टीव्ही पाठवला आणि सगळं गाव तिच्या दारात जमलं. निळंशार आभाळ, स्वच्छ धोंडा, सहा माणसांचे घामाने चमकणारे खांदे आणि मधोमध ती.

"धोंडा मोठा, मालक मोठा!"

"हो रे हो!"

"कष्टाला आमच्या नाही तोटा!"

"हो रे हो!" आणि लगेच तिचं, "उचला!"

शेवटी मालक यायचा. पांढऱ्या कपड्यांत, धोंड्यावर हात ठेवून. जन्मात पहिल्यांदाच ठेवला असेल. तो म्हणायचा, "कष्ट आमचे, घर तुमचं."

"आत्या, कसल्या दिसताय हो!" सून टाळ्या वाजवत म्हणाली. शेजारणींच्या डोळ्यांत असूया होती आणि हाकवालीला ती गोड लागली, खोटं कशाला बोला. आठ दिवस ती हवेत होती. नळावर बायका तिला पुढे जाऊ देत. पोरं खेळताना तिच्यासारखी उलटी चालत आणि "मालक मोठा" ओरडत. ज्या पोराचा बाप पोटातला गोटा म्हणत म्हातारा झाला, तेही "मालक मोठा"च म्हणे. जुने शब्द त्यांनी ऐकलेच नव्हते जणू.

मग खाणीच्या तोंडाशी लोखंडी खांब उभे राहिले. त्यांच्यावर चार भोंगे आणि एक पडदा. मुकादमाच्या हातात एक छोटी काळी डबी आली. तिचं बटण दाबलं की हाक सुरू.

"काकू, आता तुम्हाला घसा फोडायला नको," मुकादम म्हणाला. "नुसतं उभं राहायचं. पाहुणे आले तर ओठ हलवायचे."

पाहुणे येऊ लागले होतेच. गाड्या काठावर उभ्या राहायच्या, शहरातली माणसं फोन उंच धरून बघायची. मालकाने तिला जाहिरातीतल्यासारखी निळी साडी दिली होती, खळीने कडक झालेली. ती नेसून हाकवाली धोंड्यापुढे उभी राही. भोंग्यातून तिचा आवाज येई आणि ती त्याच्यामागून ओठ हलवी. सुरुवातीला तिचे ओठ मागे पडायचे. मुकादम वरून ओरडायचा, "काकू, लक्ष कुठंय? स्वतःचंच गाणं येत नाही होय?" आणि माणसं हसायची. मुकादमाला हसणारी माणसं आता तिला हसत होती.

भोंगा थांबत नव्हता. अर्ध्या मिनिटात धोंडा उचलून व्हायला हवा, मग दम खायला जरासा वेळ, की पुन्हा "धोंडा मोठा". दिवसाला पूर्वीपेक्षा दुपटीने धोंडे निघू लागले. मुलगा घरी आला की भिंतीला टेकून बसायचा आणि त्याच्या मांड्या आपोआप थरथरायच्या. सून तेल लावायची. समोर टीव्हीवर त्याचाच चमकणारा खांदा दिसायचा आणि तो खुळ्यासारखा त्याकडे बघत राहायचा.

"एकेकाला विचारल्याशिवाय उचलू नका रे," ती त्याला म्हणाली. "निदान तू तरी पाय टेकल्याशिवाय..."

"आई, पाच जण उठले की मी काय खाली बसून राहू?"

हे तिच्या डोक्यात घर करून राहिलं. एका सकाळी मुकादम चहाला गेला होता, भोंगा बंद होता. तिने पदर खोचला आणि जुनी हाक दिली.

"धोंडा मोठा, माणूस छोटा!"

कोणी हो दिला नाही. सहाजण एकमेकांकडे बघू लागले.

"मुकादमाच्या पोटात गोटा!"

पुढच्या उजव्या जागेवरचा माणूस, तिच्याबरोबरीने म्हातारा होत आलेला, दांड्याखालून मान वाकडी करून म्हणाला, "चुकतंय तुझं. टीव्हीवर असं नाही."

"अरे, टीव्हीवर मीच आहे ना! मी सांगते तुला..."

"तेच म्हणतो मी. टीव्हीवर बरोबर म्हणतेस. इथं का भलतंच?"

तो चेष्टा करत नव्हता. काठावर उभी असलेली, कामाची वाट बघणारी माणसं खाली वाकून ऐकत होती, आणि मुकादमापर्यंत ही गोष्ट चहा संपायच्या आत पोचली. तो आला तेव्हा हसत नव्हता.

"काकू, तोंड सांभाळा. लोक ऐकतात आता."

त्या दुपारी ती मालकाच्या खोलीत गेली. पंखा होता, टेबलावर काच होती, काचेखाली तिचा फोटो होता. पायांना धूळ म्हणून ती उंबऱ्यातच थांबली. मालकाने तिला आत बोलावलं, पाणी दिलं, खुर्चीवर बस म्हणाला. ती बसली नाही.

"हाक पाहिजे तर ठेवा," ती म्हणाली. "मालक मोठा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. फक्त मधलं विचारणं परत घाला. पायांचं असतं ते. एखाद्याचा पाय टेकलेला नसला..."

"मावशी, मी नाही म्हणतोय का?" मालक समजुतीने म्हणाला. "पण आता ही हाक आपली दोघांची राहिली नाही. लोकांना पाठ झालीय. पाहुणे येतात तेव्हा तीच ऐकायला येतात. मधेच काही घातलं तर त्यांना वाटेल, हे खोटं आहे."

"धोका आहे त्यात."

मालकाने फोन काढला, बोटाने काही शोधलं आणि तिच्यापुढे धरला. तिचं घर दिसलं. पदर सारखा करत, लाजून हसत ती म्हणाली, "अर्थ कसला बाई. सवय आपली."

"हे तुम्हीच म्हणालात ना?" मालक म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तिने पाण्याचा पेला टेबलाच्या कडेला ठेवला आणि बाहेर आली.

त्यानंतर ती खाणीत जायची ती फक्त बघायला. ओठ भोंग्यामागे हलायचे आणि डोळे सहाजणांच्या पायांवर असायचे. पुढचा डावा, आहे. पुढचा उजवा, आहे. मनातल्या मनात ती सगळ्या जागा विचारून घ्यायची. शेवटच्या जागेपर्यंत कधीच पोचता यायचं नाही. त्याच्या आतच 'उचला' यायचं आणि मुलाचा खांदा दांड्याबरोबर वर जायचा. दर खेपेला तो सुखरूप चढणीवर पोचायचा, आणि मुकादम म्हणायचा, "बघा!"

मग मोठ्या पाहुण्यांचा दिवस आला. कुठल्याशा मोठ्या इमारतीच्या दारात बसवायचा एकच धोंडा निघणार होता, आजवरच्या सगळ्या धोंड्यांहून मोठा, आणि त्याचं पुन्हा चित्रण व्हायचं होतं. चष्मेवाली आली होती. कॅमेऱ्यात धूळ जाते म्हणून टँकरने सगळ्या तळावर पाणी मारलं. गावात प्यायला पाणी दिवसाआड येत होतं आणि इथे खाणीच्या धुळीला पाजत होते. फळ्या काळ्याशार भिजल्या. दोर भिजले.

हाकवालीने निळी साडी नेसली होती. तिने वाकून फळीवर तळहात फिरवला. तो चिखलाने बुळबुळीत झाला.

"मुकादम, जरा सुकू द्या."

"ऊन बघा केवढं चांगलं पडलंय," चष्मेवाली वरून म्हणाली. "हे ऊन जाईल मावशी. पाच मिनिटांत करू."

सहाजण दांड्याखाली गेले. गोणपाट खांद्यावर आले, गुडघे वाकले. भोंगा खरखरला.

"धोंडा मोठा, मालक मोठा!"

"हो रे हो!" खाण दणाणली. काठावरच्या पाहुण्यांनीही हो दिला, त्यांनाही पाठ होतं.

तिने पायांकडे पाहिलं. पुढचे दोघे होते. मधले दोघे होते. मागचा उजवा होता. मागच्या डाव्या जागेवर मुलाचा दांडा खांद्यावर नव्हता. ओला दोर गाठीतून सरकला होता आणि तो एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने गाठ ओढत होता. त्याची टाच फळीच्या बाहेर होती.

"कष्टाला आमच्या नाही तोटा!"

"थांबा!" ती ओरडली. "थांबा रे! मागचा डावा!"

मुलाने ते ऐकलं. त्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, नेहमीचं उत्तर द्यायला.

"उचला!" चार भोंग्यांतून तीच म्हणाली.

पाच खांदे वर गेले. पाचजण वर्षानुवर्षं तिच्या आवाजावर उचलत आले होते. तो ऐकल्यावर विचार करायचा असतो हे त्यांच्या अंगाला माहीतच नव्हतं. धोंडा पुढून उचलला गेला, मागच्या डाव्या कोपऱ्यावर कलला, ओल्या फळीवरून एक वीतभर घसरला आणि टेकला. फारसा आवाज झाला नाही. मुलगासुद्धा लगेच ओरडला नाही. तो आपल्या पायाकडे बघत राहिला. पाय गुडघ्याखाली दिसत नव्हता.

ती धावली, खळीच्या साडीत अडखळून पडली, गुडघ्यांवर रांगत पोचली. पहारी आल्या, माणसं धावली. मुकादमाच्या हातातली डबी चिखलात पडली होती, ती कुणाला सापडेना. धोंडा बाजूला करायला माणसं वाकली तर वरून भोंगा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. कोणीतरी खांबावर चढून तारा तोडल्या तेव्हा बंद झाला.

दवाखान्यात चार दिवसांनी मुलगा नीट शुद्धीवर आला. पाय गुडघ्याखाली काढला होता. चादर तिथपर्यंत उंच होती आणि पुढे सपाट. सून पायथ्याशी बसली होती, तिचे डोळे सुजलेले. दोरवाला दाराबाहेरच्या बाकावर होता. तो आत यायला तयार नव्हता.

मालक येऊन गेला होता. फळांची टोपली ठेवून, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याने फोटो काढून घेतला होता आणि तो पेपरात आला होता. पेपर उशाशीच होता. मालक मजुराच्या पाठीशी, असं वर मोठ्या अक्षरांत होतं. खाली लिहिलं होतं की एका मजुराची लय चुकल्याने हा दुर्दैवी प्रकार घडला. खाणीचं काम दुसऱ्या दिवशीच सुरू झालं होतं. मागच्या डाव्या जागेवर काठावरचा कोणीतरी उतरला होता.

हाकवालीने चमच्याने मुलाच्या तोंडात पाणी घातलं. त्याने ओठ चाटले.

"पेपरात बरोबर आहे," तो म्हणाला. "माझंच चुकलं आई."

"तुझं कसलं चुकलं रे! दोर ओला होता. मी थांब म्हणत होते तुला. ऐकलंस ना? थांब म्हणत होते."

मुलगा आठवू लागला. त्याच्या कपाळावर आठी पडली, जशी लहानपणी पाढे म्हणताना पडायची.

"तू उचला म्हणालीस," तो म्हणाला.

"मी नव्हते ते."

"तुझाच आवाज होता." त्याने तिचा हात शोधून धरला. त्याला तिची समजूत घालायची होती. "बाकीच्या सगळ्यांनी ऐकलं तुझं. मीच मागे राहिलो."

सून तिच्याकडे बघत होती. बाहेर बाकावर दोरवाल्याने काठी हलवली, ती फरशीवर वाजली. सांगायला तिच्याजवळ खूप काही होतं. ते सांगायला तोंड उघडलं असतं, तर तोच आवाज बाहेर पडला असता.